बोलणी, लॅटिनमार्गे

“मुंगी,” अण्णा म्हणाले आणि पोळीचा तुकडा आमटीत बुडवायचं थांबवून माझ्याकडे बघत राहिले.

“ओर्मिगा.”

“कशी काय?”

“फॉर्मिका म्हणजे लॅटिनमध्ये मुंगी. तिच्या दंशात फॉर्मिक आम्ल असतं, म्हणजे इंग्रजीतही ती आहेच. स्पॅनिश माणसाला सुरुवातीचा फ नकोसा होतो. तो त्याचा ह करतो आणि मग तो हसुद्धा उच्चारत नाही. राहिली ओर्मिगा.”

“वा. आपल्याकडे कर्णाचा कान झाला, हस्ताचा हात झाला, तसंच हे. मूळ सापडलं की भाषा आपल्या खिशात.”

“विहीणबाई स्पेनहून येऊन मुंग्यांची चौकशी करणार आहेत का?” आईनं वाढता वाढता विचारलं. “चमच्याला काय म्हणतात ते सांगा.”

अण्णांनी ताटाशेजारची वही डाव्या हातानं उघडली, पुढची-मागची पानं चाळली आणि मिटली. चमचा त्यात नव्हता. ज्या शब्दाला लॅटिन आजोबा आणि इंग्रजी चुलतभाऊ नसेल त्याला त्या वहीत प्रवेशच नव्हता.

“मग जेवायच्या काय हातानं?” आई म्हणाली. “आणि विहीणबाई म्हणाले ते सवयीनं. अजून कोणी कोणाची विहीण झालेली नाही.”

हे एकोणीसशे शहाण्णव सालचं. पुढे याच भाषेवर माझं पोट चाललं, पुण्यात गेली चोवीस वर्षं मी दुभाषी म्हणून काम करते, पण ती भाषा मी शिकले कराडला आमच्या जेवणघरात, आणि तीही दादाच्या लग्नापायी.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ श्रीरंग, तेव्हा दोन वर्षं सेव्हिलला होता. संत्र्यांच्या रोगांवर संशोधन करत होता. तिथून त्याचं पत्र आलं की इनेस नावाची मुलगी आहे, बरोबर काम करते आणि आम्ही लग्न करायचं म्हणतोय. आई तीन दिवस कोणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं फोन लावायला सांगितला आणि दादाला अट घातली. मुलीच्या आईनं इथं यायचं, आपण दोघी समोरासमोर बसून बोलू, त्यात जे ठरेल ते तू मान्य करायचं. दादा हो म्हणाला. तो तसाच होता. आईनं नाही म्हटलं असतं तर त्यानं खरोखरच लग्न केलं नसतं, आयुष्यभर तोंड पाडून फिरला असता.

“आम्ही दोघं सांगू ना एकमेकींचं एकमेकींना, तिला इंग्रजी येतं, मला स्पॅनिश येतं,” दादा फोनवर म्हणाला होता.

“बोलणीत नवरा-नवरीनं बसायचं नसतं,” आई म्हणाली. “आणि घरातलं बोलणं परक्या माणसाच्या तोंडून मी करणार नाही. दुभाष्या-बिभाष्या आणू नकोस.”

तेव्हा अण्णांनी छाती पुढे काढली. एकतीस वर्षं त्यांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. कराडच्या रस्त्यावरून जाताना ते झाडांना लॅटिन नावांनी हाका मारत. इंग्रजी तर येतच होतं. लॅटिन आणि इंग्रजी आलं की स्पॅनिश कितीसं लांब, असा त्यांचा हिशेब. पुण्याहून जुना शब्दकोश आणला, दोनशे पानी वही घेतली आणि मला सोबतीला बसवलं.

मी का बसले ते सांगते. मला स्पॅनिशचं काडीचं प्रेम नव्हतं. माझं प्रेम होतं रणधीर जगदाळेवर. तो साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होता. दोन वर्षं आम्ही ग्रंथालयाच्या मागच्या बाकावर भेटत होतो. तो आमच्या जातीचा नव्हता, आणि आमच्या घरात हा विषय काढणं म्हणजे भरल्या ताटावर भांडण काढणं. दादाचं पत्र आलं तेव्हा रणधीर म्हणाला, “वैजू, तुझ्या भावाचं हे लग्न होऊ दे. मडम सून म्हणून चालली, तर मी जावई म्हणून का चालणार नाही? तुझ्या आईला बोलायला तोंडच राहणार नाही.” त्याचं खरं होतं. आणि दादाचं मोडलं असतं तर माझं मी उच्चारायचीसुद्धा सोय नव्हती. म्हणून मी रोज कॉलेजची तासिका असल्यासारखी वही घेऊन बसत होते.

अण्णांची पद्धत मोठी रुबाबदार होती. ते अंगणात नेऊन पारिजातकापुढे उभं करत. “याचं शास्त्रीय नाव काय? आर्बोर-ट्रिस्टिस. उदास झाड. सकाळी सगळी फुलं टाकून देतं म्हणून. आता स्पॅनिश ऐक. आर्बोल म्हणजे झाड. त्रिस्ते म्हणजे उदास. झालं की नाही?” झालं. रात्र म्हणजे नोचे, आठ म्हणजे ओचो, दूध म्हणजे लेचे. लॅटिनमध्ये जिथं क्त तिथं यांचा च, आपल्या नृत्याचा नाच होतो तसा. आणि इंग्रजीत ज्याच्या शेवटी ‘शन’ येतं त्या प्रत्येक शब्दाच्या शेवटी ‘सिओन’ लावायचं की एका झटक्यात हजारभर शब्द घरात.

चार महिन्यांत मला स्पॅनिशमध्ये राज्यघटना, परागीभवन, स्वातंत्र्य आणि विभाजन म्हणता येऊ लागलं. बसा, उठा, हात धुवा, पाणी गार आहे, हे काही येईना. मी संसदेत भाषण केलं असतं, पण भाजी आणायला मला कोणी पाठवू नये अशी परिस्थिती.

दादानं बोली स्पॅनिशच्या दोन कॅसेटी पाठवल्या होत्या. मी त्या चोरून ऐकत असे. अण्णा ऐकायला तयार नव्हते. “आधी मूळ, मग फांद्या,” म्हणत. त्यामुळे त्यांची स्पॅनिश सगळी डोळ्यांची होती, कानाची नव्हती.

जानेवारीत ती मंडळी आली. इनेस उंच, हसरी, आल्या आल्या अण्णांच्या पाया पडली कारण दादानं शिकवलं होतं. तिची आई ठेंगणी, अंगानं भरलेली, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, पायात जाड टाचेचे काळे बूट. तिचं नाव कोन्सुएलो. अण्णांनी लगेच मूळ काढलं. “कन्सोलेशन. सांत्वना.” त्या क्षणापासून आई तिला सांत्वनाबाई म्हणू लागली आणि शेवटपर्यंत म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा-इनेसला आगाशिवची लेणी बघायला पिटाळलं आणि बोलणी बसली. बैठकीत सतरंजी, तिच्यावर चादर. सांत्वनाबाईंना खाली बसवेना म्हणून खुर्ची. आईनं नारायणपेठी नेसली होती. अण्णा वही आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन, आणि मी मध्ये.

आईनं फार वेळ घालवला नाही. “त्यांना सांग,” ती मला म्हणाली, “तुमची मुलगी चांगली आहे. तिच्यात काही खोट नाही. पण मला हे लग्न पसंत नाही. माझा मुलगा कायमचा तिकडचा होईल. सणावारी घर ओस पडेल. तुम्ही शहाण्या आहात, तुम्हीच मुलीला समजवा. शब्द मऊ ठेव, पण नाही म्हणजे नाही, हे कळू दे.”

मी अण्णांकडे पाहिलं. ते वहीत ‘पसंत’ शोधत होते.

मी सांत्वनाबाईंकडे वळले. माझ्याजवळ तेव्हा होते कोणते शब्द? सगळे मोठे. मी म्हणाले, माझी माद्रे, मात्रिमोनिओ, ओनोर, फामिलिया, फेलिसिदाद. माझी आई, लग्न, सन्मान, कुटुंब, सुख. मध्ये क्रियापद एखाद-दुसरं. म्हणजे मी आईचं म्हणणं बरोबर उलटं करून त्या बाईंच्या पदरात टाकलं. ठरवून केलं का, असं विचाराल तर हो. आदल्या दिवसापासून मी तयारी केली होती. आई नाहीच म्हणणार हे मला ठाऊक होतं.

जे ठाऊक नव्हतं ते पुढे आलं.

सांत्वनाबाईंनी मान हलवली आणि बोलायला लागल्या. भराभर, शेवटची अक्षरं गिळत. त्यातलं निम्मं मला कळलं नाही. पण त्या बोलण्यातून एकेक शब्द ओळखीचा निघत होता, आणि निघेल तो नेमका अण्णांच्या वहीतला. इम्पोसिब्ले. आब्सुर्दो. एर्रोर. मग दिस्तान्सिया, सेपारासिओन. मग ऊनिका इहा, एकुलती मुलगी. मग छातीवर हात ठेवून, त्रिस्ते.

बाई साध्या घरगुती शब्दांत बोलल्या असत्या तर मला काहीही कळलं नसतं आणि मी आजही सुखानं झोपले असते. पण परक्यांसमोर बोलायचं म्हणून त्याही ठेवणीतलं बोलत होत्या, आणि ठेवणीतलं तेवढंच मला येत होतं. त्या म्हणत होत्या की हे अशक्य आहे. ही चूक होतेय. माझी एकुलती एक मुलगी. आज ना उद्या हा तिला इकडे घेऊन येईल, पुरुष शेवटी आपल्या आईकडे परततात. तुम्ही आई आहात, तुम्हीच मुलाला थांबवा.

दोघींना एकच हवं होतं. दोघी एकमेकींना तेच सांगत होत्या. आणि हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

“काय म्हणतात गं?” आईनं विचारलं.

“म्हणतात,” मी म्हणाले, “एकुलती एक मुलगी आहे. वडील नाहीत. एवढ्या लांब आलेय ती हिला तुमच्या पदरात घालायला.”

आईचा चेहरा उतरला. “पण मी नाही म्हटलंय हे कळलं ना त्यांना?”

“कळलं. तरी म्हणतात.”

“वैजू,” अण्णा मध्येच म्हणाले, “एर्रोर म्हणाल्या का त्या? एर्रोर म्हणजे चूक. एररे, भटकणे, यावरून.”

“हो,” मी म्हणाले. “तुमच्या उच्चारात चुका आहेत, असं म्हणाल्या. सकाळी तुम्ही बोललात त्यावरून.”

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. मग ते त्या बैठकीत एक अक्षर बोलले नाहीत. मला त्यांची दया आली, पण दया करायला तेव्हा सवड नव्हती.

आईनं पुन्हा सांगितलं. “त्यांना म्हणावं, रागावू नका. माझा एकच मुलगा आहे हो. तो गेला तर मी कोणाकडे बघू?” आणि तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. आईला रडताना मी दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा आजोळचं कोणी गेलं म्हणून.

सांत्वनाबाई घाबरल्या. “के दिसे?” त्यांनी मला विचारलं. काय म्हणतात?

“एमोसिओन,” मी म्हणाले. “तुमच्या मुलीला सून म्हणून बघायची फार इच्छा आहे. तुम्ही नाही म्हणू नका, म्हणतात.” हे मी कोणत्या व्याकरणात म्हटलं ते विचारू नका. पण बाईंना कळलं.

त्या खुर्चीवरून उठल्या. आईसमोर आल्या आणि गुडघे दुखत असतानाही खाली सतरंजीवर बसल्या. दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, “पोर फावोर, सेन्योरा. पोर फावोर.” कृपा करा बाई, आम्हाला सोडा, असा त्याचा अर्थ होता. पण आमच्या घरात, बोलणीच्या बैठकीत, मुलीची आई हात जोडून मुलाच्या आईपुढे खाली बसली तर त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो सांगायला दुभाषी लागत नाही. मी तोंडसुद्धा उघडलं नाही.

“अहो, उठा, उठा,” आई म्हणाली. “काय हे. मला पाप लागेल.” तिनं त्यांचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. “नवरा नाही बिचारीला. एवढ्या लांबून आलीय, मी दोनदा नाही म्हटलं तरी पुन्हा हात जोडतेय. कोणत्या तोंडानं तिसऱ्यांदा नाही म्हणू?” मग डोळे पुसून मला म्हणाली, “सांग त्यांना. पदरात घेतली.”

आईनं हात धरले, डोळ्यांत पाणी, ओठावर काहीतरी हसू. सांत्वनाबाईंना दिसलं ते एवढंच. पुढे काही वर्षांनी इनेसनं मला सांगितलं की तिच्या आईला त्या दिवशी काय वाटलं होतं. त्या म्हणत, मी स्पष्ट नकार दिला, तरी ती बाई रडत रडत माझे हात सोडीना. अशा बाईचं मन कोण मोडणार?

“बुएनो,” सांत्वनाबाई म्हणाल्या, आणि मोठा सुस्कारा टाकला. बरं.

आईनं नारळ आणि साडी आणायला सांगितली. मी तबक आणलं. त्यात सवयीनं कुंकवाचा करंडा होता. आईचा हात करंड्यापाशी थांबला, आणि सांत्वनाबाईंनी काय वाटून कोण जाणे, कपाळ पुढे केलं. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे, आणि लावलं. त्या वेळी मला हुंदका आला. तो खोटा नव्हता.

मे महिन्यात लग्न झालं, आधी कराडला, मग तिकडे. दादा आणि इनेसचं उत्तम चाललंय. दोन मुलं आहेत. दादा तिकडचाच झाला, आईला भीती होती तसा. इनेस दर दोन वर्षांनी दोन-दोन महिने कराडला येऊन राहते आणि परत जायचं नाव काढत नाही, तिच्या आईला भीती होती तसं. अण्णा गेले, पण शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत होते की लॅटिनमुळे आमच्या घरात एक संसार उभा राहिला. त्यात चूक काही नव्हती.

आता माझं. लग्नाला महिना झाला आणि मी घरात रणधीरचं नाव काढलं. रणधीर म्हणाला होता तसंच झालं. आई म्हणाली, “साता समुद्रांपलीकडची चालली, तर दोन गल्ल्यांपलीकडच्याला काय नाही म्हणायचं. चल, मीच जाते त्याच्या आईकडे.” मुलीकडच्यांनी आधी जायचं, ही रीत. एका रविवारी सकाळी आई, अण्णा आणि मी त्यांच्याकडे गेलो. मी जायचं नसतं, पण आई म्हणाली, तू असलीस की मला बोलायला बरं वाटतं.

रणधीरची आई धिप्पाड, ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. चहा झाला, फरसाण झालं. आईनं विषय काढला. त्या बाईंनी शेवटपर्यंत शांत ऐकून घेतलं.

“पोरगी गुणाची हाय,” त्या म्हणाल्या. “शिकलेली हाय, बोलायला ग्वाड हाय. जात आडवी आली असती तरी म्या बघितलं असतं, पोरानं मागनंच सांगितलं होतं मला. पर तुमच्यात आता मडम सून आलीया. समद्या कराडात तेच बोलत्यात. माझ्या दोन पोरी उजवायच्या हायत अजून. त्यांना इचारायला आलेला पाव्हणा पयल्यांदा काय इचारंल? भाऊजय कुठल्या घरची? न्हाई जमायचं बाई. राग मानू नका. च्या घ्या आणखी.”

रणधीर दाराशी उभा होता. तो चपलांकडे बघत होता, तो तसाच बघत राहिला. मी वाट पाहिली. इतक्या वर्षांनी सांगते, मी खरंच वाट पाहिली, निदान “आई” एवढं तरी तो म्हणेल म्हणून.

आम्ही उठलो. रस्त्यावर अण्णा पुढे झाले. आई माझ्या बाजूनं चालत होती, पदर खांद्यावर घट्ट ओढून. आम्ही बाजारपेठ ओलांडली. मग म्हणाली, “बाई स्पष्ट बोलली. वाईट वाटलं, पण नाही म्हणायचं तर असं म्हणावं. मीही त्या दिवशी दोनदा स्पष्टच म्हटलं होतं गं. माझं कसं कोणाला ऐकू गेलं नाही?”

मी चालत राहिले.